शाळेपुढचा रणगाडा दरवर्षी का गंजतो : आतल्या पाण्याचा शोध आणि कायमचा इलाज

आमच्या गावच्या हायस्कूलपुढे एक टी-५५ रणगाडा उभा आहे. दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी त्याला हिरवा रंग लागायचा आणि दिवाळीपर्यंत त्या रंगाला फुगे यायचे. २६ जानेवारीला पाहावे तर टरेटखालून (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाखालून) तांबूस ओघळ, मडगार्डच्या कडा कुरतडल्यासारख्या आणि चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांजवळ पोपड्यांचा सडा. मग पुन्हा वर्गणी, पुन्हा रंगारी. अशी सहा वर्षे गेली. मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, वाहन दुरुस्तीचे काम करून निवृत्त झालो. गावी कायमचा आल्यावर मुख्याध्यापक सर म्हणाले, "दादा, एकदा तुम्ही बघा."

महाराष्ट्रात अनेक शाळा, चौक, महाविद्यालये आणि माजी सैनिक संघटनांच्या आवारात असे रणगाडे आहेत. कुठे टी-५५, कुठे विजयंता, कुठे युद्धात जिंकून आणलेला पॅटन किंवा चिनी बनावटीचा टाइप-५९. तक्रार मात्र सगळीकडे एकच ऐकू येते : रंग टिकत नाही. म्हणून आम्हाला दोष कुठे सापडला आणि काय केल्यावर फरक पडला, ते सविस्तर लिहितो.

चालता रणगाडा आणि उभा रणगाडा

पलटणीत असताना रणगाड्याला गंज हा मोठा प्रश्न नसतो. रोज त्याची परेड, म्हणजे तपासणी-देखभाल, होते. इंजिन चालले की त्या उष्णतेने आतली ओल उडून जाते. ग्रीसचा थर नवा होत राहतो, झाकणांची रबरे बदलली जातात, तळाचे प्लग, म्हणजे तळाच्या भोकांची बुचे, ठरल्या वेळी उघडून साचलेले तेल-पाणी काढले जाते. तोफ डागली की त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस नळी लागोपाठ पुसतात, कारण जळलेल्या दारूचा अवशेष ओल धरतो.

स्मारक म्हणून आणून ठेवलेल्या रणगाड्याचे हे सगळे एका दिवसात थांबते. इंजिन थंड ते कायमचे थंड. प्लग कोणी उघडत नाही. बाहेरून मात्र रंग चढत राहतो, त्यामुळे लोकांना वाटते की देखभाल चालू आहे.

हवेतली आर्द्रता साठेक टक्क्यांच्या वर गेली की उघडे पोलाद गंजू लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून कितीतरी वर असते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या फटीत तो धरला की पत्रे अक्षरशः एकमेकांपासून उचलले जातात. रंगाचे फुगे म्हणजे हाच आतून येणारा दाब असतो.

रंगाऱ्याची चूक होती का?

सुरुवातीला आम्हीही रंगालाच दोष दिला. एका वर्षी स्वस्त रंग म्हणून, दुसऱ्या वर्षी नीट खरवडले नाही म्हणून. दोन्हीत थोडे तथ्य होते, पण मोठी चूक तारखेची होती. १५ ऑगस्टला रणगाडा चकचकीत दिसावा म्हणून जुलैच्या शेवटी, श्रावणसरींच्या मधल्या उघडिपीत रंग लागायचा. पोलाद डोळ्यांना कोरडे दिसते, पण ढगाळ दिवशी त्याच्यावर न दिसणारी ओल असते. रंगकामात साधा नियम आहे : पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवे आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. श्रावणात ही अट पाळणे जवळपास अशक्य आहे. ओलीवर रंग चढवला म्हणजे ती ओल आपणच आत कोंडली.

म्हणून पहिली गोष्ट : रंगकाम १५ ऑगस्टसाठी करू नका. दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण थांबू द्या. नोव्हेंबरातही सकाळी दव असते, तेव्हा ऊन चढून पत्रा तापल्यावर सुरुवात करा आणि दुपार उतरली की ब्रश ठेवा. १५ ऑगस्टला फक्त धुऊन, पुसून हार घाला. ध्वजवंदनाला त्याने भागते.

एवढे केल्यावर वरच्या भागावरचा रंग खरेच टिकला. पण टरेटच्या खालचे ओघळ थांबले नाहीत आणि पट्ट्यांच्या आत, तळाच्या जवळ, फुगे येतच राहिले. तेव्हा लक्षात आले की पाणी आतून येते आहे.

पाणी आत आहे हे कसे ओळखायचे

पाऊस थांबून तीन-चार दिवस कडक ऊन पडू द्या आणि मग पाहा. बाहेरचे सगळे वाळलेले असताना पोटाच्या जोडांतून थेंब पडत असतील, तर आत पाणी साचलेले आहे. दुसरी खूण तळाजवळच्या बाजूच्या पत्र्यावर दिसते. पहाटे हात फिरवा. एका ठरावीक उंचीखाली पत्रा जास्त गार आणि दमट लागतो, कारण आतल्या पाण्याने तो गार ठेवलेला असतो. आमच्या रणगाड्यावर ही रेघ इंजिनाच्या बाजूला इतकी स्पष्ट होती की शाळेच्या मुलांनी खडूने ती आखली.

झाकणे उघडून आत डोकावण्याची घाई करू नका. त्यात खरा धोका आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. पोलाद गंजताना हवेतला प्राणवायू शोषते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या, आत गंज धरलेल्या पोलादी पेटीत माणूस उतरला तर काही कळायच्या आत शुद्ध हरपू शकते. सगळी झाकणे पूर्ण एक दिवस उघडी ठेवा, हवा खेळू द्या, मगच उतरा. बाहेर एक माणूस सतत उभा हवा. आत मधमाश्यांचे पोळे किंवा साप असू शकतो, म्हणून आधी विजेरीचा झोत टाका आणि काठीने वाजवा.

आत काही बाटल्या दिसतील. टी-५५ चे इंजिन दाबाच्या हवेनेही सुरू करता येते, त्या हवेच्या बाटल्या असतात, शिवाय आग विझवण्याच्या. त्या रिकाम्या आहेत असे धरून पाना लावू नका. दारूगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता बाहेर या आणि पोलिसांना कळवा. काही जुन्या लष्करी वाहनांतल्या घड्याळी तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग असे. अशी तबकडी फोडू, खरवडू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

चार वाटा, आणि त्यांतली एकच खरी मोठी

गावात प्रत्येकाचे मत वेगळे होते. कोणी म्हणे तोफेच्या नळीतून पाणी जाते, कोणी म्हणे टरेटच्या झाकणातून. मी कागद घेऊन हिशेब केला, कारण अंदाजाने काम केले असते तर आम्ही चुकीच्या जागी पैसे घातले असते.

मूळ टी-५५ च्या तोफेच्या नळीचे भोक १०० मिमीचे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. पण नळी उभी नसते. १५ अंश वर केलेली असेल तर सरळ पडणाऱ्या पावसाला त्यातले २० चौरस सेंटिमीटरच समोर येते. वर्षाला १००० मिमी पाऊस धरला तर नळीतून जाणारे पाणी दोन लिटरच्या आसपास. वाऱ्याने तिरपा झोडपला तर जास्त, पण लिटरांतच.

आता मागे जा. इंजिनावरच्या सपाट भागावर हवा आत-बाहेर करणाऱ्या जाळ्या आणि झडपा असतात. रेडिएटरला हवा हवी म्हणून ही जागा मुद्दाम उघडी ठेवलेली. तिचे उघडे क्षेत्र एक चौरस मीटर धरले तर त्याच १००० मिमी पावसात तिथून १००० लिटर पाणी आत जाते. नळीच्या पाचशे पट! महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात किंवा कोकणात असाल तर आकडा त्याहून कितीतरी मोठा. चालत्या रणगाड्यात या झडपा गरजेप्रमाणे उघडता-मिटता येतात, थांबल्यावर ताडपत्री टाकतात, आणि जे पाणी जाते ते गरम इंजिनावर वाळते. स्मारकाच्या रणगाड्यात झडपा उघड्या राहिल्या की राहिल्या.

यातले बरेच पाणी उन्हाळ्यात वाळते, हे खरे. पण वाळताना ते वाफ होऊन आतल्या प्रत्येक गार पत्र्यावर पुन्हा बसते. दुपारी पोलादाला हात लावता येत नाही इतके ते तापते, रात्री गार होते. तापताना आतली हवा बाहेर ढकलली जाते, गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रणगाडा असा रोज श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडी ओल आत येते.

टी-५५ मध्ये इंजिन आणि माणसे बसण्याची जागा यांच्यामध्ये पोलादी पडदी आहे. त्यामुळे मागचे पाणी बहुतांशी मागे राहते. आम्ही आधी चालकाच्या बाजूचा तळाचा प्लग उघडला, तेव्हा गाळ आणि ओली माती निघाली, पाणी जेमतेम. सगळे हिरमुसले. मग मागचा प्लग सैल केला आणि काळ्या पाण्याची धार सुटली. बादल्या भरता भरता शिपाई मामा थकले. पाण्याबरोबर कडुनिंबाचा कुजका पाला, डिझेलचा वास आणि लाल चिखल. ते पाणी आम्ही गटारात सोडले नाही. पिंपांत धरले, वरचे तेल वेगळे केले. तुमच्याकडेही हेच करा, कारण जवळ विहीर असेल तर त्या तेलाने ती नासेल.

उरलेल्या दोन वाटा म्हणजे टरेटची कडी आणि वरची झाकणे. टरेट ज्या गोल बेअरिंगवर फिरते तिथले रबर वाळून तडकते. झाकणांच्या रबराचेही तसेच. इथून येणारे पाणी थोडे, पण ते दिसते सगळ्यात जास्त. कडीत गंजून तेच तांबूस ओघळ बाहेर येतात. लोक ओघळ पाहतात आणि टरेटला दोष देतात.

प्लग उघडताना

आमचा प्लग सहजासहजी सुटला नाही. टी-५५ चे पोट जमिनीपासून ४२५ मिमी उंच असते, म्हणजे माणूस खाली सरपटू शकतो. पण आमच्याकडे कोणीतरी हौसेने खाली फुलझाडांचा वाफा केला होता. माती पट्ट्यांना टेकलेली, मुले रोज पाणी घालणारी. आधी तो वाफा काढून दुसरीकडे हलवावा लागला. काही गावांत चौथरा बांधताना थेट पोटापर्यंत काँक्रीट भरतात. तसे असेल तर गवंडी लावून निदान प्लगांपुरती खाच काढून घ्या, त्याशिवाय पुढचे काहीच होणार नाही.

गंजलेल्या प्लगवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि आठवडाभर रोज सोडत राहा. मध्ये मध्ये हातोडीने हलके ठोका, म्हणजे तेल आट्यांत मुरते. मग लांब दांड्याचा पाना. गॅसची ज्योत लावून गरम करण्याचा मोह टाळा. आत डिझेलची वाफ असू शकते. ग्राइंडर आणि वेल्डिंगसुद्धा तळ कोरडा करून, झाकणे उघडी ठेवून, इंधनाच्या टाक्या रिकाम्या झाल्याची खात्री करूनच. उजव्या मडगार्डवर टी-५५ च्या तीन चपट्या जादा टाक्या असतात, प्रत्येकी ९५ लिटरच्या. त्यांतही जुने डिझेल किंवा पाणी राहते. आमच्या मधल्या टाकीचा तळ चाळणीसारखा झाला होता.

निघालेला प्लग पुन्हा बसवू नका. त्या भोकाला बारीक पितळी किंवा स्टेनलेस जाळी बसवा, उंदीर-साप जाणार नाहीत अशी. पाणी आत येणारच, त्याला कायम खाली वाट हवी. जाळीवर पाला साचतो म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून तार घालून भोक मोकळे करावे लागते. हे काम आता आठवीच्या मुलांनी वाटून घेतले आहे.

इंजिनावरची पन्हळ

सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला. बहुतेक ठिकाणी वरून ताडपत्री टाकतात. ती दिसायला वाईट, आणि तिच्याखाली ओल कोंडून नुकसान अधिक होते. आम्ही जाळ्या होत्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्या खाली, आतून, पत्र्याची उतरती पन्हळ बसवली. जाळी आणि पन्हळ यांच्यात दोन बोटांचे अंतर, म्हणजे हवा खेळती राहते. पन्हळीच्या खालच्या टोकाला पीव्हीसी नळी, ती तळाच्या प्लगच्या भोकातून थेट बाहेर. पत्रा जस्ताचा घेतला आणि जिथे तो रणगाड्याच्या पोलादाला टेकतो तिथे मध्ये रबराची पट्टी दिली. वेगळे धातू ओलीत एकमेकांना भिडू देऊ नयेत, म्हणून. काम गावातल्या पत्रेवाल्याने केले. तो घरांच्या पागोळ्यांसाठी पन्हळी करतोच, त्याला मापे दिल्यावर जास्त काही समजवावे लागले नाही.

टरेटच्या कडीत आधी खरवडून, वाळवून, तेलाचा हात दिला. मग भरपूर लिथियम ग्रीस भरले आणि बाहेरून सीलंटची रेघ ओढली. सीलंट घेताना नीट पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन लोखंडासाठी घेऊ नका, त्यातून निघणारे आम्ल पोलाद खाते. न्यूट्रल प्रकारचे मागा. आणि रेघ संपूर्ण गोल ओढू नका, मागच्या बाजूला दोन बोटांची जागा सोडा. शिरलेल्या पाण्याला तिथून बाहेर पडता येते.

झाकणांना ईपीडीएम या उन्हापावसात टिकणाऱ्या रबराची नवी पट्टी लावली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी झाकणांना कुलपे घातली. रणगाड्याचे झाकण जड असते, बोटांवर पडले तर बोटे राहत नाहीत, आणि आत एखादे मूल लपून बसले तर काय होईल हा विचारच नको. पण हवा यावी म्हणून टरेटच्या वरच्या एका भोकावर टोपीसारखे छोटे छत्र केले. खालच्या जाळीतून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. आतला कुबट वास पहिल्या उन्हाळ्यातच गेला.

तोफ आणि तिच्या बरोबरची हत्यारे

तोफेतून येणारे पाणी थोडे असले तरी ते चुकीच्या जागी साचते. मूळ १०० मिमीच्या तोफेवर, नळीच्या तोंडाजवळच, एक जाडसर फुगवटा दिसतो. गोळा सुटल्यावर नळीतला धूर बाहेर ओढण्यासाठी तो असतो. तो म्हणजे नळीभोवतीची पातळ पोलादी पोकळी, आणि ती बारीक भोकांनी नळीशी जोडलेली. तोंडातून शिरलेले पाणी या भोकांतून पोकळीत उतरते आणि तिथेच राहते. आमच्या तोफेच्या फुगवट्याखाली रंगाला नेहमी एकाच जागी फुगा का यायचा, त्याचे उत्तर इथे मिळाले. भारतातल्या बऱ्याच टी-५५ वर पुढे १०५ मिमीची तोफ बसवली गेली. तिच्यावर हा फुगवटा तोंडाजवळ नसून नळीच्या मध्याकडे असतो. तुमच्या शाळेपुढचा रणगाडा कोणता हे दुरूनच ओळखण्याची ही सोपी खूण आहे. मुलांना सांगा, त्यांना फार आवडते.

आम्ही लांब बांबूला गोणपाट बांधून नळी पुसली, मग तेलात भिजवलेले फडके तीनदा फिरवले. तोंडाला जाड पत्र्याची गोल तबकडी बसवली आणि तिच्या खालच्या कडेला पेन्सिल जाईल एवढे भोक ठेवले. पूर्ण बंद केली असती तर आतली ओल कोंडली असती. जमले तर नळी किंचित खाली झुकलेली ठेवणे सगळ्यात उत्तम, म्हणजे पाणी आपोआप तोंडाकडे वाहते. आमच्या गावाला नळी उंचावलेलीच हवी होती. त्या भावनेला मी विरोध केला नाही. टरेटच्या आत, तोफेच्या मागच्या टोकाखाली एक तसराळे ठेवून त्याला नळी जोडली. तुमच्याकडे उंची बदलणारा हातचाक जाम असेल तर जबरदस्ती करू नका. त्याचे दाते तुटले आणि नळी एकदम खाली आली तर आत असलेल्या माणसाचा जीव जाईल.

मुख्य तोफेशेजारच्या मशीनगनचे भोक, नेमबाजाच्या दुर्बिणीचे भोक आणि काही रणगाड्यांत पुढच्या पत्र्यात असलेले छोट्या मशीनगनचे भोक ही तिन्ही तपासा. स्मारकासाठी देताना हत्यारे काढलेली असतात, भोके राहतात. लाकडी गुट्टी ग्रीस लावून ठोकली की पुरते, दर दोन वर्षांनी ती बदलायची. वरच्या १२.७ मिमी विमानविरोधी मशीनगनचा फिरता सांगाडा शिल्लक असेल तर त्याच्या कडीतही पाणी थांबते. ग्रीस भरा आणि महिन्यातून एकदा हाताने फिरवा.

कोणतेही भोक वेल्डिंगने कायमचे बंद करण्याआधी रणगाडा ज्या पत्राने मिळाला ते पत्र काढून वाचा. त्यात बदलांविषयी अटी असू शकतात.

रंग, शेवटी

जाड चिलखताची फार काळजी करू नका. टी-५५ च्या बाजूचे पोलाद ८० मिमी जाड आहे, त्यावरच्या गंजाने आपल्या नातवंडांच्या हयातीतही त्याला भोक पडणार नाही. काळजी पातळ पत्र्याची करा : मडगार्ड, हत्यारपेट्या, जादा टाक्या, दिव्यांची घरे, धूर-फुगवटा. रणगाडा विद्रूप होतो तो इथून. आमच्या खर्चाचा मोठा वाटा आम्ही इथेच घातला.

सहा वर्षांच्या रंगाचे थर एकावर एक चढून साल झाली होती. ती सगळी काढली. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ओले करून घासावे, मास्क लावावा आणि शाळेला सुट्टी असताना करावे. धूळ गोळा करून बंद पिशवीत भरावी. घासल्यावर गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे. कोकणात किंवा मुंबईत तर जास्तच, कारण रंगाखाली राहिलेले मीठ ओल ओढत राहते. वाळले की त्याच दिवशी, काही तासांत, प्रायमर. रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी त्यावर नारिंगी झाक दिसेल आणि पुन्हा घासावे लागेल.

आम्ही झिंक फॉस्फेट असलेल्या एपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले आणि वर पॉलियुरेथेनचा ऑलिव्ह ग्रीन. दुकानात भारतीय मानकाची २२० नंबरची छटा मागितली की नेमका रंग मिळतो. एपॉक्सी एकट्याने उन्हात पांढुरका पडतो, म्हणून वरचा थर हवाच. जुना ऑइल पेंट तसाच ठेवून त्यावर हे रंग मारू नका, यांच्या थिनरने खालचा रंग सुरकुततो. पैसे कमी असतील तर रेड ऑक्साइड आणि साधा इनॅमलही चालेल. कोरड्या पोलादावर, योग्य महिन्यात मारलेला साधा रंग ओल्यावर मारलेल्या महाग रंगापेक्षा जास्त टिकतो, हे आम्ही शाळेच्या फाटकावरच करून पाहिले.

चाकांच्या रबराला रंग किंवा तेल लावू नका. रबर तडकलेले असेल तर भार कमी करणे हाच उपाय. ३६ टनांचे हे वजन दिवसरात्र त्याच चाकांवर आणि तळाशी आडव्या असलेल्या त्याच टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्यांवर) उभे असते. पोटाच्या दोन्ही कडांखाली काँक्रीटचे ठोकळे देऊन थोडा भार त्यांच्यावर घेता येतो, पण हे स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच करा. पट्ट्यांखाली पाणी साचू नये म्हणून चौथऱ्याला मीटरमागे एक-दीड सेंटिमीटर उतार द्या.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ पासूनचे. शाळेची सहल तिकडे नेली तेव्हा मी मुलांना रणगाडे पुढून पाहिल्यावर वाकून खालूनही पाहायला लावले. तळाचे प्लग कुठे आहेत, पट्टे कशावर टेकले आहेत, नळीच्या तोंडाला काय लावले आहे. १६ डिसेंबर १९७१ ला, भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात शेवटपर्यंत लढले, त्याचे नाव 'फामागुस्ता'. त्यांची पलटण पूना हॉर्स. हे मी नगरला सांगत होतो तेव्हा एका मुलीने विचारले, "आपला रणगाडा कोणी चालवला होता?" मला उत्तर माहीत नव्हते. परत आल्यावर तिने आणि तिच्या वर्गाने आमच्या टी-५५ च्या चालकाची जागा स्वतःहून झाडून काढली, गंजलेल्या पेडलांवर तेल लावले आणि सीटच्या सांगाड्यावरचा गाळ चमच्यांनी खरवडला.

आता तिसरा पावसाळा चालू आहे. वरचा रंग धरून आहे, ओघळ टरेटच्या मागच्या बाजूला सोडलेल्या फटीपुरते आहेत. मोठी सर येऊन गेली की मागच्या नळीतून स्वच्छ पाणी चौथऱ्यावर पडताना ऐकू येते. तोफेच्या फुगवट्याखाली मात्र पुन्हा एक छोटा फुगा दिसतो आहे. बहुधा तबकडीचे भोक पाल्याने बुजले असावे. उद्या शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर शिडी लावून बघणार आहे.